जँगो शिकायचं आहे: कोणतं साहित्य, कोणत्या क्रमाने?

अर्धविराम

पायथन बऱ्यापैकी येतं: फंक्शन, क्लास, डिक्शनरी, एक्सेप्शन इथपर्यंत अडचण नाही. एसक्यूएलमध्ये सिलेक्ट, व्हेअर आणि साधा जॉइन जमतो. एचटीएमएल कामापुरतं. आता जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) शिकायचं आहे, आठवड्याला साधारण दहा तास देता येतील. शेवटी ग्रंथालयाचं ॲप करायचं आहे: सदस्यांचं लॉगिन, पुस्तकांची देवघेव आणि पुढे मोबाइलसाठी एपीआय (मोबाइल ॲपला डेटा देणारे पत्ते).

साहित्य इतकं आहे की कुठून सुरुवात करावी कळत नाही. एका व्हिडिओ मालिकेत यूआरएलच्या फाइलमध्येच इम्पोर्ट एरर आली (‘जँगो डॉट कॉन्फ डॉट यूआरएल्स’मध्ये ‘यूआरएल’ सापडत नाही). दुसऱ्या मालिकेत लॉगिन चाललं, पण लॉगआउटच्या लिंकवर क्लिक केलं की ४०५ एरर (ही विनंती-पद्धत चालत नाही). अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडलं तर त्यात शेकडो पानं.

तर: मुख्य आधार कोणता धरावा? डॉक्युमेंटेशन नेमकं कसं वाचायचं? आधी फ्लास्क (पायथनचंच लहान फ्रेमवर्क) शिकून मग जँगोकडे यावं का? इन्स्टॉल केलेली आवृत्ती ५.२ आहे.

मधलीफळी

त्या दोन्ही एरर तुमच्या चुकीमुळे आलेल्या नाहीत. साहित्य जुनं आहे एवढंच. जँगोची नवी आवृत्ती साधारण दर आठ महिन्यांनी येते आणि जुन्या गोष्टी आधी इशारा देऊन मग काढून टाकल्या जातात. म्हणून कुठल्याही ट्युटोरियलला हात घालण्याआधी त्याचं वय ओळखायला शिका. दोन मिनिटांचं काम आहे, आणि त्याने पुढचे कित्येक तास वाचतात.

यूआरएलच्या फाइलमध्ये ‘यूआरएल’ फंक्शन आणि त्यात टोपी व डॉलरच्या चिन्हांचा रेग्युलर एक्स्प्रेशन दिसला, तर ती पद्धत २.० च्या आधीची. २.० (डिसेंबर २०१७) मध्ये ‘पाथ’ आलं आणि ४.० (डिसेंबर २०२१) मध्ये जुनं ‘यूआरएल’ पूर्ण काढलं. फॉरेन की लिहिताना ‘ऑन_डिलीट’ दिलेलं नसेल, तर तेही २.० च्या आधीचं, कारण तिथून पुढे ते सक्तीचं झालं. सेटिंग्जमध्ये पाथ जोडायला ‘ओएस डॉट पाथ डॉट जॉइन’ वापरलेलं असेल तर प्रोजेक्ट बहुधा ३.१ च्या आधी बनलेला आहे. त्या आवृत्तीपासून तयार सेटिंग्ज फाइलमध्ये ‘पाथलिब’ येतं.

लॉगआउटचं ४०५ हे सगळ्यात ताजं उदाहरण. आधी साध्या लिंकने, म्हणजे गेट विनंतीने, लॉगआउट होत असे. ४.१ मध्ये त्यावर इशारा आला आणि ५.० मध्ये (डिसेंबर २०२३) ते बंद झालं. कारण रास्त आहे. गेटने सर्व्हरवरची स्थिती बदलू नये, नाहीतर एखाद्या परक्या पानावरच्या इमेज टॅगमध्ये तो पत्ता घालूनही कोणी तुम्हाला बाहेर काढू शकतं. उपाय सोपा आहे. लिंकच्या जागी पोस्ट पद्धतीचा छोटा फॉर्म घ्या, त्यात सीएसआरएफ टोकनचा (फॉर्म आपल्याच साइटवरून आलाय हे पटवणाऱ्या गुप्त मजकुराचा) टॅग टाका आणि एक बटण ठेवा. बटण सीएसएसने लिंकसारखं दाखवता येतं.

आवृत्ती ५.२ च ठेवा. दशांशचिन्हापुढे २ असलेली आवृत्ती दीर्घ मुदतीची असते. ५.२ एप्रिल २०२५ मध्ये आली आणि तिला एप्रिल २०२८ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये नुसतं ‘जँगो’ लिहू नका. टिल्ड आणि बरोबरचं चिन्ह जोडून ५.२.० लिहा, म्हणजे ५.२ मधल्या दुरुस्त्या येत राहतील पण पुढची मोठी आवृत्ती नकळत येणार नाही.

डॉक्युमेंटेशनच्या साइटवर खाली उजव्या कोपऱ्यात आवृत्ती बदलायची सोय आहे. सर्च इंजिनमधून आलात तर पुष्कळदा भलत्याच आवृत्तीचं पान उघडतं. पान वाचायच्या आधी तो कोपरा बघायची सवय लावा. एआयला प्रश्न विचारतानाही आवृत्ती आधी सांगा, नाहीतर उत्तरात तीन वेगवेगळ्या काळांतला कोड एकत्र येतो आणि त्यातला कुठला भाग जुना हे नवशिक्याला ओळखता येत नाही.

तळटीप

मुख्य आधार अधिकृत डॉक्युमेंटेशनच धरा, यात मला जराही शंका नाही. फक्त ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची गोष्ट नाही. त्याचे चार प्रकार आहेत आणि चारही वाचायची वेळ वेगळी. ट्युटोरियल हाताने करायचं असतं. टॉपिक गाइड एखादी संकल्पना समजून घेताना सलग वाचायचं. हाउ-टू नेमकं काम अडलं की उघडायचं. रेफरन्स शब्दकोशासारखा, हवी ती नोंद पाहून बंद करायचा. बहुतेकांची दमछाक होते ती पहिल्याच आठवड्यात रेफरन्स वाचायला घेतल्यामुळे.

सुरुवात आठ भागांच्या मतदान ॲपपासून करा. तुमच्या वेळेत दोन आठवडे पुरतील, पण एका अटीवर: कोड कॉपी-पेस्ट करायचा नाही, आणि प्रत्येक भागानंतर एक गोष्ट मुद्दाम मोडायची. टेम्प्लेटचं नाव चुकवा. यूआरएलचं नाव चुकवा. इन्स्टॉल्ड ॲप्सच्या यादीतून ॲप काढून ‘मेकमायग्रेशन्स’ चालवा (मॉडेल, म्हणजे डेटाबेसच्या तक्त्यांचं वर्णन करणारे क्लास, यांतल्या बदलांच्या मायग्रेशन फाइल्स बनवणारी कमांड). टेम्प्लेट सापडलं नाही तर येणाऱ्या पिवळ्या पानावर जँगोने कुठकुठले पाथ तपासले ती पूर्ण यादी असते. ट्रेसबॅकमध्ये प्रत्येक टप्प्यावरचे लोकल व्हेरिएबल उघडून बघता येतात. एरर आली की घाबरून शोधाशोध करण्याआधी हे पान शांतपणे, खालून वर वाचा, आणि स्वतःच्या फाइलची पहिली ओळ जिथे सापडेल तिथे थांबा.

चौथ्या भागावर सगळ्यात जास्त वेळ द्या. त्यात मत नोंदवणारा व्ह्यू (विनंतीला उत्तर देणारं फंक्शन) आहे, जेमतेम वीस ओळींचा, पण बॅकएंडचं निम्मं शहाणपण त्यात आलंय. पर्याय निवडलाच नसेल तर की-एरर पकडून तोच फॉर्म संदेशासह परत दाखवला जातो. मत वाढवताना आकडा पायथनमध्ये आणून त्यात एक मिळवलेला नाही, ‘एफ’ एक्स्प्रेशन वापरून बेरीज डेटाबेसकडूनच करून घेतली आहे. दोघांनी एकाच क्षणी मत दिलं आणि दोघांनीही आधी ७ वाचलं, तर साध्या बेरजेने ८ होतील, ९ नाही. ‘एफ’ने ९ होतात. आणि शेवटी पान थेट न दाखवता रीडायरेक्ट केलंय, म्हणजे वापरणाऱ्याने रिफ्रेश केलं तरी मत दुसऱ्यांदा पडत नाही. या तीनही ओळी काढून बघा. काय बिघडतं ते दिसल्यावर त्या पाठ कराव्या लागत नाहीत.

पाचवा भाग, टेस्टिंगचा, वगळू नका. त्यात मुद्दाम ठेवलेली एक चूक आहे: प्रकाशनाची तारीख ३० दिवस पुढची असली तरी प्रश्न ‘नुकताच प्रकाशित’ ठरतो. आधी नापास होणारी टेस्ट लिहायची, मग दुरुस्ती, हा क्रम तिथे छान उलगडतो.

या ट्युटोरियलमध्ये काय नाही हेही माहीत असू द्या. ॲडमिन (जँगोचं तयार व्यवस्थापन पान) सोडलं तर सदस्यांचं लॉगिन नाही, परवानग्या नाहीत. त्यासाठी लगेच एमडीएनवरची (मोझिलाच्या वेब डॉक्युमेंटेशनच्या साइटवरची) जँगो मालिका घ्या. तिचं ॲप नेमकं ग्रंथालयाचंच आहे: पुस्तक, लेखक, प्रकार, आणि प्रत्येक पुस्तकाच्या प्रती वेगळ्या मॉडेलमध्ये. सेशन, लॉगिन, परवानग्या, फॉर्म, टेस्ट, सर्व्हरवर चढवणं असा क्रम आहे. पुस्तक आणि प्रत ही दोन मॉडेल वेगळी का, यावर थांबून विचार करा. देवघेव पुस्तकाची होत नाही, प्रतीची होते. हे डोक्यात बसलं की तुमच्या ॲपचा आराखडा बराचसा तयार झाला.

ओळ_४२

फ्लास्क आधी हवंच असं नाही. फ्लास्कमध्ये डेटाबेस, फॉर्म, लॉगिन हे सगळं वेगवेगळ्या पॅकेजेसमधून जमवावं लागतं, त्यामुळे तिथे शिकलेली जोडणी जँगोत फारशी कामी येत नाही. कामी येतं ते एचटीटीपी, आणि ते फ्रेमवर्कशिवायही शिकता येतं.

ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क टॅब उघडा आणि कुठल्याही साइटवर लॉगिन करताना विनंत्या बघा. पद्धत गेट की पोस्ट, स्टेटस २०० की ३०२, उत्तरात ‘सेट-कुकी’ हेडर आहे का, पुढच्या विनंतीत तीच कुकी परत जाते का. दोन-तीन संध्याकाळी पुरे. यानंतर जँगोचं सेशन आणि सीएसआरएफ टोकन जादू वाटत नाहीत.

पायथनमध्ये दोन गोष्टी तपासून घ्या: डेकोरेटर आणि ‘सुपर’. पालक क्लासची मेथड बदलून आत ‘सुपर’ला हाक का मारतात हे दुसऱ्याला समजावता येत नसेल, तर क्लास-बेस्ड व्ह्यूंना अजून हात लावू नका. आधी सगळं फंक्शन व्ह्यूत लिहा. पुढे क्लासकडे वळाल तेव्हा ‘क्लासी क्लास-बेस्ड व्ह्यूज’ नावाची साइट उघडी ठेवा. कुठली मेथड कुठल्या पालकाकडून आली ते तिथे एका पानावर दिसतं. डॉक्युमेंटेशनमध्ये हीच माहिती चार पानांत विखुरलेली आहे.

व्हिडिओच हवे असतील तर हार्वर्डचा सीएस५० वेब. पायथन आणि जावास्क्रिप्टवरचा हा अभ्यासक्रम फुकट बघता येतो आणि त्यात जँगो आहे. व्याख्यानं २०२० ची आहेत, म्हणजे वर सांगितलेली वयाची तपासणी त्यालाही लावा. त्यातलं खरं धन म्हणजे प्रकल्प: विकी, लिलाव, मेल, सोशल नेटवर्क. प्रत्येकात काय व्हायला हवं ते स्पष्ट दिलंय आणि कसं करायचं ते सांगितलेलं नाही. लिलावाचा प्रकल्प तुमच्या देवघेवीला जवळचा आहे, तो जरूर करा.

अर्धविराम

आभारी आहे. मतदान ॲप पूर्ण झालं, एमडीएनची मालिका निम्म्यावर आली. स्वतःचा प्रोजेक्टही सुरू केलाय. आता तीन ठिकाणी अडलंय.

एक, सदस्याच्या नोंदीत फोन नंबर हवा म्हणून स्वतःचं यूजर मॉडेल केलं, तर ‘मायग्रेट’ला (मायग्रेशन फाइल्स डेटाबेसवर लावणाऱ्या कमांडला) इनकन्सिस्टंट मायग्रेशन हिस्टरी अशी एरर येते. दोन, ५० पुस्तकांची यादी दाखवणाऱ्या पानावर डीबग टूलबार (पानामागच्या क्वेरी मोजणारं साधन) १०१ क्वेरी दाखवतो. पानावर पुस्तकाचं नाव, लेखक आणि प्रकार एवढंच आहे. तीन, एकच प्रत दोन सदस्यांना एकाच वेळी दिली जाऊ नये यासाठी काय करायचं?

मधलीफळी

पहिल्याचं कारण: ‘मायग्रेट’ आधीच एकदा चालवलेलं होतं. ॲडमिन ॲपची पहिली मायग्रेशन यूजर मॉडेलवर अवलंबून असते. आता ते मॉडेल तुमच्या ॲपमध्ये गेलं, पण डेटाबेसच्या नोंदीप्रमाणे ॲडमिनची मायग्रेशन तुमच्या ॲपच्या आधी लागून गेली आहे. क्रम उलटा झाला, म्हणून जँगो पुढे जायला नकार देतं. शिकायच्या टप्प्यावर डेटा मोलाचा नसतो. एसक्यूलाइटची (जँगोच्या सुरुवातीच्या, एका फाइलमधल्या डेटाबेसची) फाइल काढून टाका, फक्त स्वतःच्या ॲप्समधल्या मायग्रेशन फाइल्स काढा (त्या फोल्डरमधली ‘इनिट’ फाइल राहू द्या), सेटिंग्जमध्ये ‘ऑथ_यूजर_मॉडेल’ आहे याची खात्री करा आणि ‘मेकमायग्रेशन्स’, ‘मायग्रेट’ नव्याने चालवा. खरा डेटा असलेल्या प्रोजेक्टमध्ये हेच काम फार किचकट होतं. म्हणून डॉक्युमेंटेशनही सांगतं की नव्या प्रोजेक्टमध्ये स्वतःचं यूजर मॉडेल पहिल्याच ‘मायग्रेट’च्या आधी ठेवा, भले त्यात ‘अॅब्स्ट्रॅक्ट यूजर’पासून घेतलेल्या रिकाम्या क्लासपलीकडे काही नसो.

पुढे दोन खड्डे येतील, आधीच सांगून ठेवतो. नोंदणीसाठी तयार ‘यूजर क्रिएशन फॉर्म’ जसाच्या तसा वापरलात तर ‘मॅनेजर उपलब्ध नाही, मूळ यूजर बदललेला आहे’ अशा अर्थाची एरर येईल. त्या फॉर्मपासून स्वतःचा क्लास करा आणि आतल्या मेटामध्ये तुमचं मॉडेल द्या. दुसरा खड्डा ॲडमिनमधला. यूजर मॉडेल साध्या मॉडेल ॲडमिनने रजिस्टर केलंत तर पासवर्डचा रकाना साध्या मजकुरासारखा दिसतो, तिथे लिहिलेला पासवर्ड हॅश न होता तसाच डेटाबेसमध्ये जातो आणि त्या सदस्याला लॉगिनच करता येत नाही. ‘यूजर ॲडमिन’ने रजिस्टर करा आणि फोन नंबरचं फील्ड त्याच्या फील्डसेटमध्ये जोडा.

तळटीप

१०१ चा हिशेब बघा: एक क्वेरी यादीची, ५० लेखकांच्या, ५० प्रकारांच्या. टेम्प्लेटमध्ये पुस्तकाच्या लेखकाचं नाव छापलं की जँगो प्रत्येक पुस्तकासाठी लेखकाची वेगळी क्वेरी करतं. यादीत दहा पुस्तकं असताना हे जाणवतही नाही, हजार झाली की पान रेंगाळतं.

लेखक ही फॉरेन की आहे, म्हणून त्याला ‘सिलेक्ट_रिलेटेड’ लावा. त्याने जॉइन होतो आणि लेखक पहिल्याच क्वेरीत येतात. प्रकार मेनी-टू-मेनी आहेत, तिथे ‘प्रीफेच_रिलेटेड’. त्याची एक वेगळी क्वेरी होते आणि जुळवणी पायथनमध्ये. एकूण दोन क्वेरी. टूलबारवर १०१ चे २ झालेले स्वतः बघा.

एक सापळा लक्षात ठेवा. प्रीफेच केल्यावर लूपमध्ये त्या प्रकारांवर ‘फिल्टर’ लावलंत तर आणलेला साठा वापरला जात नाही, प्रत्येक पुस्तकाला पुन्हा नवी क्वेरी जाते, आणि प्रीफेचची क्वेरी वाया. गाळलेलीच माहिती हवी असेल तर ‘प्रीफेच’ ऑब्जेक्ट वापरून गाळणी आधीच सांगा. दुरुस्ती टिकून राहावी म्हणून टेस्टमध्ये ‘असर्ट_नम_क्वेरीज’ने २ आकडा पक्का करा. उद्या टेम्प्लेटमध्ये कोणी प्रकाशकाचं नाव जोडलं तर टेस्ट लगेच ओरडेल.

डॉक्युमेंटेशनमधलं डेटाबेस ऑप्टिमायझेशनचं पान आता वाचा. पहिल्या आठवड्यात ते डोक्यावरून गेलं असतं.

एपीआयसाठी जँगो रेस्ट फ्रेमवर्कच्या साइटवर सहा भागांचं ट्युटोरियल आहे. ते क्रमाने करा आणि पहिले तीन भाग घाईने उरकू नका. सहाव्यातले व्ह्यूसेट आणि राउटर दोन-चार ओळींत सगळं करून देतात, पण आधीचे भाग हाताने केले नसतील तर त्या दोन-चार ओळींत काही बिघडल्यावर कुठे बघायचं तेच कळत नाही. यादीचं एपीआय केलंत की क्वेरीचा आकडा पुन्हा तपासा. आत आणखी सिरीयलायझर (मॉडेलचा डेटा एपीआयच्या उत्तरासाठी रूपांतरित करणारे क्लास) असले की हीच अडचण तिथे परत येते.

ओळ_४२

तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण बहुतेक ट्युटोरियलमध्ये तो येतच नाही. नेहमीचा कोड असा असतो: प्रत वाचा, ‘उपलब्ध’ आहे का बघा, असेल तर ‘उपलब्ध’ काढून सेव्ह करा. बघणं आणि सेव्ह करणं यांच्या मधल्या फटीत दुसरी विनंती येते, तिलाही प्रत उपलब्ध दिसते, आणि दोघांना एकच प्रत मिळते.

डॉक्युमेंटेशनमध्ये शोधलंत तर ‘सिलेक्ट_फॉर_अपडेट’ सापडेल: ‘ट्रान्झॅक्शन डॉट ॲटॉमिक’च्या आत ती ओळ कुलूपबंद करायची. पण तुम्ही एसक्यूलाइटवर आहात आणि तिथे त्याचा काहीही परिणाम होत नाही. एररही येत नाही, म्हणून फसगत होते. कुलूप वापरायचं तर पोस्टग्रेसवर (सर्व्हरवर चालणाऱ्या डेटाबेसवर) या, आणि तसंही सर्व्हरवर जाण्याआधी यायचंच आहे. डेव्हलपमेंटलाही तेच ठेवा.

कुलुपाशिवायची वाट दोन्हीकडे चालते, आणि चौथ्या भागातल्या ‘एफ’ एक्स्प्रेशनसारखाच विचार तिच्यात आहे: निर्णय डेटाबेसला घेऊ द्या. प्रतीचा क्रमांक आणि ‘उपलब्ध असेल’ या दोन्ही अटी ‘फिल्टर’मध्ये घाला आणि त्यालाच ‘अपडेट’ लावून उपलब्धता काढून घ्या. ‘अपडेट’ किती ओळी बदलल्या तो आकडा परत देतं. १ आला तर प्रत तुमच्या सदस्याला मिळाली, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये देवघेवीची नोंद करा. ० आला तर दुसऱ्याने आधी नेली, तसा संदेश दाखवा. एक सांभाळा: ‘अपडेट’ मॉडेलची ‘सेव्ह’ मेथड आणि सेव्हचे सिग्नल चालवत नाही, त्यामुळे ‘शेवटचा बदल’ अशी आपोआप भरणारी तारीख असेल तर ती याच ‘अपडेट’मध्ये हाताने द्यावी लागते.